खोडलेले सतरा

एक वाजताच्या बातम्या ती एक वाजताच सुरू करी. एकाला दोन सेकंद कमी असताना नाही, की एक वाजून दोन सेकंदांनीही नाही. बावीस वर्षांत लोकांनी तिच्या आवाजावर घड्याळं लावली, लग्नं ठरवली, भात उतरवले, आणि तिचं नाव ठेवलं घड्याळबाई. रेडिओ केंद्रावर मात्र तिला नुसतं बाई म्हणत. घड्याळबाई हे नाव ऐकलं की ती भुवई उंचावायची. ते नाव तिला मनापासून आवडतं, हे फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होतं.

शहराच्या खालच्या अंगाला नदी होती आणि नदीच्या वरच्या अंगाला, पस्तीस किलोमीटरवर, धरण. धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी शहरातल्या पुलाशी पोचायला अडीच तास लागत. तेवढ्या वेळात पुलाजवळच्या खालच्या गल्लीतल्या माणसांनी उठून चढावरच्या शाळेत जायचं, अशी योजना. उठा, असं त्यांना कोणी सांगायचं, तर रेडिओनं. बावीस वर्षांत अशी वेळ दोनदा आली, आणि दोन्ही वेळा गल्लीत घोट्याएवढं पाणी येऊन ओसरून गेलं.

मग नवी यंत्रणा आली. खालच्या गल्लीत खांबांवर भोंगे बसले. केंद्रात एक बटण बसलं. ते दाबलं की आधीच ध्वनिमुद्रित केलेला इशारा भोंग्यांवर आणि रेडिओवर एकदम वाजायचा. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकराला त्याची चाचणी.

हे इशारे कोणाच्या आवाजात, हा प्रश्न आहे असं घड्याळबाईला वाटलंच नव्हतं. नमुन्याचं ध्वनिमुद्रण द्या म्हणाले, तिनं दिलं. घरी आठवडाभर तयारी केली. नवरा जेवताना तिच्याकडे बघून म्हणाला, "अगं, 'सुरक्षित स्थळी जावे' असं म्हणू नकोस, मला हातातलं ताट घेऊन पळावंसं वाटतं." तिनं ती दाद समजली.

निवड झाली ती भिंगरीची.

भिंगरी केंद्रावर येऊन तीन वर्षं झाली होती. सकाळचा 'हरवलं-सापडलं' कार्यक्रम तिचा. कोणाची छत्री, कोणाचं मांजर, कोणाच्या चाव्या. बोलता बोलता हसायची, हसता हसता अडखळायची, अडखळली की "थांबा हं, कागद उलटा धरला" असं सरळ सांगून मोकळी व्हायची. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती हीच.

"साहेब, माझ्या नमुन्यात काही चूक होती का?" घड्याळबाईनं केंद्रप्रमुखांना विचारलं.

"चूक? छे हो! तुमचा आवाज फार गंभीर आहे, बाई. माणसं घाबरतील."

"पुराला घाबरायचं नाही तर कशाला घाबरायचं?"

साहेब हसले. साहेबांना उत्तर नसलं की ते हसत. त्यांचं अर्धं आयुष्य हसण्यात गेलं होतं.

पहिल्या चाचणीला तिनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं, तरी दाराच्या फटीतून भिंगरीचा आवाज आलाच. "लक्ष द्या, लक्ष द्या. पूरनियंत्रण यंत्रणेकडून सर्व नागरिकांना कळवण्यात येत आहे की..." पूरनियंत्रण समितीनं लिहिलेलं ते वाक्य भिंगरीच्या तोंडी मोठ्या बहिणीच्या चपला घालून चालल्यासारखं वाटत होतं. वाक्याच्या अगदी शेवटी यायचं, "ही केवळ चाचणी आहे." खऱ्या इशाऱ्याचा मजकूरही तसाच सुरू व्हायचा. फक्त शेवट वेगळा.

हे घड्याळबाईच्या लक्षात आलं तिसऱ्या महिन्यात. सुरुवात तीच, आवाज तोच, आधीची टिंगटाँग तीच. शेवटपर्यंत ऐकतंय कोण? पण ही खरोखरची त्रुटी आहे, की आपल्याला हवी आहे म्हणून दिसते आहे? ती भौतिकशास्त्र शिकलेली होती. पाहणाऱ्याच्या इच्छेनं आकडे बदलतात, हे तिला कॉलेजातल्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आणि आपल्या पोटात दुखतंय, हे कळायला पदवी लागत नाही.

म्हणून पुढच्या एक तारखेला ती रजा टाकून खालच्या गल्लीत गेली. तिची धाकटी जाऊ तिथं शिवणकाम करायची. दुकानाच्या खिडकीतून पुलापासून बेकरीपर्यंतची अख्खी गल्ली दिसे.

"काय हो जाऊबाई, आज इकडं कशा? ब्लाउज शिवायचाय का?"

"माणसं मोजायचीत."

"मोजा बाई. शिलाईपेक्षा स्वस्त काम आहे."

अकराला भोंगे वाजले. खिडकीतून दिसत होती एकेचाळीस माणसं. मान वर केली तिघांनी. त्यातल्या एकाला शिंक येत होती. बेकरीवाला पाव मोजत होता, तो मोजतच राहिला. समोरच्या सुतारानं रंधा थांबवला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

तिनं कागदावर लिहिलं: ४१ पैकी ३. आणि तिला जो आनंद झाला, तो पाहून ती स्वतःच दचकली. पूर आला तर इथली एकेचाळीस माणसं बुडणार, यात हसण्यासारखं काय होतं?

साहेबांनी कागद वाचला आणि हसले नाहीत, हे त्याहून वाईट झालं. "बाई, तुम्ही वडीलधाऱ्या आहात म्हणून सांगतो. त्या पोरीचा आवाज तुम्हाला खुपतो, हे सगळ्या केंद्राला माहीत आहे. हा कागद मी समितीपुढे ठेवला तर माझ्याआधी तुमचं हसं होईल."

"आकडे खोटे नाहीत."

"आकडे खरे असतील हो. पण आवाज बदला, एवढंच ना तुमचं म्हणणं?"

म्हणणं तेच होतं. तिनं कागद घडी घालून परत घेतला.

तुलनेला काहीतरी हवं, हे तिला त्याच दिवशी कळलं. तंत्रज्ञ तिच्या बरोबरीचा, सगळे त्याला वायरमामा म्हणत. तिनं त्याला गाठलं. "मामा, माझा नमुना अजून ठेवलाय ना? पुढच्या चाचणीला तो लावा. मजकूर शब्दन् शब्द तोच आहे."

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"चुकून लागला म्हणा."

"बावीस वर्षांत तुमचं काही चुकून झालंय का? कोणाला पटेल?" असं म्हणत का होईना, मामा तयार झाला.

एक तारीख. तीच खिडकी, नवा कागद. गल्लीत अडतीस माणसं. अकराला तिचा स्वतःचा आवाज गल्लीभर घुमला, गंभीर, स्वच्छ, एकही अक्षर न सांडलेला. तिनं श्वास रोखून माना मोजल्या.

दोन.

एक मान एका अनोळखी बाईची. दुसरी तिच्या जावेची. जाऊ मशीनवरून डोकं वर काढून म्हणाली, "अगंबाई, या तुम्हीच की! मला वाटलं, भोंगा बिघडला."

घड्याळबाईनं लिहिलं: ३८ पैकी २. नवऱ्याला वाचून दाखवलेलं, आठवडाभर घोटलेलं ते वाक्य लोकांच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि बहुधा बावीस वर्षं जातच होतं. दोष भिंगरीच्या आवाजाचा नव्हता. तो चाचणीच्या साच्याचा होता. हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा नव्हता, कारण हा तिच्या स्वतःच्या विरुद्ध जाणारा होता. साहेबांना नक्की पटला असता.

ती उठणार तोच चाचणी संपून नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. भोंगे बंद झाले होते. उरले होते दुकानांतले रेडिओ, बेकरीतला, सुताराकडचा, जावेच्या फळीवरचा. भिंगरी बोलत होती. "...आणि खालच्या गल्लीतल्या निळ्या जिन्याच्या काकू! अहो, तुमच्या चाव्या बसमध्ये सापडल्यात. मग तुम्ही घरात शिरलात कशा? की खिडकीतून?" आणि ती खळखळून हसली.

गल्लीनं माना वर केल्या. सुताराचा रंधा थांबला. बेकरीवाला पाव मोजायचा विसरला आणि ओरडला, "अहो काकू, रेडिओवर आलात!" निळ्या जिन्यावरून एक बाई पदर सावरत खाली आली. घड्याळबाईचा हात सवयीनं मोजत गेला. अडतीस पैकी सतरा.

तिनं तो आकडा लिहिला. मग त्याच्यावर एक आडवी रेघ मारली. हा प्रयोगाचा भाग नव्हता, ती स्वतःला म्हणाली. नियमानं बघितलं तर ते खरंही होतं. प्रत्येक खोटेपणाला असा एक नियम मिळतोच.

कागद तिनं साहेबांना दाखवला नाही. घरी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला. नवऱ्यानं विचारलं, "काय निघालं मग तुझ्या मोजणीत?" ती म्हणाली, "काही विशेष नाही." आणि चाचणी दर एक तारखेला होत राहिली, जशीच्या तशी.

तीन महिन्यांनी, नऊ तारखेला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी धरणावरच्या अभियंत्याचा फोन आला. सगळे दरवाजे उघडावे लागले होते. पुलापाशी पाणी साडेसात मीटरवर जाणार होतं, चार-चाळीसच्या सुमारास. आजवर कधी पाचाच्या वर गेलं नव्हतं.

साहेबांनी बटण दाबलं. टिंगटाँग. "लक्ष द्या, लक्ष द्या. पूरनियंत्रण यंत्रणेकडून..."

दहा मिनिटांनी घड्याळबाईनं जावेला फोन लावला. पलीकडे मशीनची खडखड ऐकू येत होती.

"काय चाललंय तिकडं?"

"ब्लाउजची काजं करतेय. तुमच्या त्या पोरीची टेप तिसऱ्यांदा वाजतेय. आज एक तारीख आहे का हो? मला वाटलं नऊ."

"नऊच आहे! अगं, खरं पाणी येतंय!"

"हो का?" मशीन थांबलं. "इथं तर कोणी हललं नाही."

तिनं साहेबांना सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला आणि तिच्याकडे वळला. "बाई, तुम्हीच बसा आता. थेट बोला. तुमचं लोक ऐकतात."

याच वाक्याची ती भिंगरीची निवड झाल्यापासून वाट पाहत होती. स्टुडिओच्या दाराशी भिंगरी भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. घड्याळबाई तिच्याकडे न बघता आत गेली, खुर्ची पुढे ओढली, लाल दिवा लागला. ती बोलली. पातळी, वेळ, ठिकाण, सूचना. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. असं निवेदन तिनं बावीस वर्षांत केलं नव्हतं.

बाहेर येऊन तिनं पुन्हा फोन लावला.

"निघाले का?"

"कुठले निघतायत! तुमचा आवाज आला तशी सगळ्यांनी घड्याळं बघितली. बेकरीवाला म्हणतो, घड्याळबाईंच्या बातम्या आज अडीचला कशा? मी ओरडून सांगतेय, तर म्हणतात, शिंपीणकाकूंना जावेचं कौतुक. आता मी काय करू, जाऊबाई?"

घड्याळात पावणेतीन वाजायला आले होते. व्हरांड्यात तिघं उभे होते, साहेब, वायरमामा आणि भिंगरी. घड्याळबाईला काय करायचं ते माहीत होतं. तीन महिने माहीत होतं. तोंड उघडायला तिला जितका वेळ लागला, तितका कुठल्याही बातमीपूर्वी लागला नव्हता.

"हिला बसवा," ती म्हणाली.

"हिची टेप वाजवून झाली की," साहेब म्हणाले.

"टेप नाही. ही. हसते, अडखळते, लोकांना हाका मारते, तशी. त्याला लोक माना वर करतात. मी मोजलंय. टेपला तीन, माझ्या टेपला दोन, हिच्या हाकेला सतरा."

"कधी मोजलंत?"

"तीन महिन्यांपूर्वी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कारण तो आकडा हिचा होता. मी तो खोडला."

वायरमामा खाली बघत होता. भिंगरी मात्र तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि त्या नजरेत राग होता की भीती, ते बघायला वेळ नव्हता.

"मला त्या आकड्यांतलं काही कळत नाही," भिंगरी म्हणाली. "साडेसात मीटर म्हणजे किती? मी चुकीचं बोलले तर? बाई, माझे पाय लटपटतायत."

"लटपटू देत. आवाजातही ऐकू येऊ दे. साडेसात मीटर म्हणजे माझ्या जावेच्या दुकानाच्या खिडकीच्या वरच्या गजापर्यंत. आकडे मी बघते, तू माणसं बघ. चल."

भिंगरी माइकसमोर बसली, घड्याळबाई तिच्या शेजारच्या स्टुलावर, मांडीवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. काचेपलीकडे वायरमामा जावेचा फोन कानाला धरून उभा. जाऊ गल्लीतून सांगायची, मामा काचेवर कागद धरायचा, घड्याळबाई त्यातलं नेमकं तेवढं लिहून पुढे सरकवायची.

"खालची गल्ली," भिंगरी बोलू लागली, आणि तिचा आवाज खरोखरच फाटला. "मी आहे, हरवलं-सापडलंवाली. ही टेप नाही. ही चाचणी नाही. आई शप्पथ. बेकरीवाले दादा, पाव तिथंच ठेवा. शिंपीणकाकूंच्या खिडकीच्या वरच्या गजापर्यंत पाणी येणार आहे. ऐकताय ना? वरच्या गजापर्यंत!"

मामानं काचेवर कागद आपटला. 'माना वर. सगळ्या.'

अर्ध्या मिनिटात. घड्याळबाई स्वतः चार मिनिटं बोलली होती.

"पुढं काय?" भिंगरीनं ओठांनीच विचारलं. तिनं चिठ्ठी सरकवली. 'बेकरीवाल्याचे सासरे. चालता येत नाही. खुर्चीसकट उचला.'

"दादा, सासऱ्यांना विसरलात! सुतारकाका, तुम्ही एका बाजूनं धरा, दादा दुसरीकडून. भांडण झालंय तुमचं, माहितेय, ते शाळेत जाऊन पूर्ण करा. निळ्या जिन्याच्या काकू, आज चाव्या आहेत ना जवळ? मग कुलूप लावा आणि निघा. लावू नका हो, राहू दे कुलूप, नुसत्या निघा!"

सव्वातासभर असं चाललं. भिंगरी दोनदा रडली, एकदा चुकून "चार-चाळीस" ऐवजी "पाच-चाळीस" म्हणाली. त्याबरोबर घड्याळबाईनं तिच्या मनगटावर इतक्या जोरात बोट दाबलं की ती लगेच ओरडली, "चुकले! चार-चाळीस! बाईंनी चिमटा काढला. चार-चाळीस!" त्या चुकीनं घड्याळबाईला क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची शिसारी आली. मग पुढची चिठ्ठी लिहायची होती.

चार वाजून पाच मिनिटांनी जाऊ शाळेतून बोलली, धापा टाकत. शेवटचा माणूस तीच होती. गल्लीत आता एक कोंबडीसुद्धा नव्हती.

पाणी चार-पस्तीसला आलं. रात्रीपर्यंत ते खिडकीच्या वरच्या गजावर चार बोटं चढलं. माणूस एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भिंगरीचा फोटो आला, पहिल्या पानावर. चौथ्या दिवशी घड्याळबाई जावेकडे चिखल उपसायला गेली, तर शेजारच्या बायकांचं पहिलं वाक्य हेच कानावर. "काय पोर आहे हो तुमच्याकडची! तिच्यामुळं वाचलो."

"हो," घड्याळबाई फावडं चालवत म्हणाली. "तिच्यामुळंच."

जाऊ मशीन पुसत होती. बायका गेल्यावर म्हणाली, "घशात अडकलं ना?"

"अडकलं."

"पाणी प्या. नळाचं नको, गढूळ आहे."

समितीपुढे तिनं दोन्ही कागद ठेवले, खोडलेल्या आकड्यासकट, आणि तो कोणी खोडला व किती दिवस दाबून ठेवला, ते स्वतः उभं राहून सांगितलं. समितीनं तिला शिक्षा केली नाही. एका सदस्यानं फक्त चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तेवढं पुरलं. चाचणीचा पहिलाच शब्द 'चाचणी' असावा, खरा इशारा नेहमी थेट आणि गल्लीगल्लीला हाका मारून द्यावा, असं ठरलं. आणि इशारा देणारीला पाण्याची पातळी वाचता आली पाहिजे, म्हणून तिला ते शिकवायचं काम घड्याळबाईकडे आलं.

पहिल्या दिवशी भिंगरी वही घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"बाई, एक विचारू? सतराच होते? नक्की?"

"नक्की."

"मला वाटलं, जास्त असतील."

घड्याळबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी हसत नव्हती. तिचंही कुठंतरी दुखलं होतं, आणि ती ते लपवत नव्हती. "बस," घड्याळबाई म्हणाली. "हा धरणाचा तक्ता. डावीकडे वेळ, उजवीकडे विसर्ग. विसर्ग म्हणजे दर सेकंदाला किती पाणी सोडलं ते. आधी तो वाचायचा, मग बोलायचं."

आठवड्यानं साहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय बाई, कशी काय शिकतेय ती?"

"बरी आहे," ती म्हणाली, आणि दोन पायऱ्या चढली. मग थांबली, आणि कठड्याला हात धरून, मागं न बघता, एका दमात म्हणाली, "चार दिवसांत शिकली. मला तीन आठवडे लागले होते."

"अरे वा!" साहेब हसले.

त्यांचं हसणं पुरं व्हायच्या आत ती वर जाऊन आपल्या खोलीत शिरली होती, आणि दार तिनं जरा जोरातच लावलं.